ड्राय आइस, ५४ पार आणि दुसरा टेम्पो: लग्नातल्या लाइटवाल्याच्या जादा आयटमांचे दर

पुतणीच्या लग्नात संगीत आणि रिसेप्शन अशा दोन संध्याकाळींसाठी आम्ही सांगलीतल्याच एका साउंड-लाइटवाल्याला सांगितलं होतं. साउंड स्वच्छ होता, डीजे वाजवणारा मुलगा समजूतदार होता, मूळ पॅकेज ६५,००० रुपयांचं होतं. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. मला लिहायचंय ते कोटेशनच्या दुसऱ्या पानाबद्दल. तिथे ड्राय आइसच्या धुरातली एन्ट्री, कोल्ड पायरो (ठिणग्यांची कारंजी), झाडांना आणि भिंतींना रंगीत लाइट, नावांचा मोनोग्रॅम, एलईडीचा डान्स फ्लोअर, एलईडी वॉल, पेपर ब्लास्ट, डीजेच्या टेबलाची सजावट असे जादा आयटम असतात. लग्नघरात पैसा हातातून सुटतो तो या पानावर. पहिल्या पानावर सगळे घासाघीस करतात आणि दुसऱ्या पानावर ‘होऊन जाऊ दे’ म्हणतात.

दुकानाचं नाव देत नाही. पुढे एक तक्रार आहे आणि ती मालकांशी समोरासमोर बोलून मिटली आहे. मिटलेल्या गोष्टीवरून कुणाचा धंदा अडू नये.

मी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करते. भावे नाट्यमंदिरात, राज्य नाट्य स्पर्धेत, कधी गावोगावच्या एकांकिकांना. लाइट भाड्याने आणणं, त्यांचे दर ठरवणं, रात्री दोनला ते मोजून परत देणं हे माझ्या अंगवळणी पडलेलं काम. म्हणून दादाने कोटेशनं सरळ माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “तूच बघ, मला त्यातलं शार्पी सोडून काही कळत नाही.” (शार्पी हे खरं तर क्ले पाकी या इटालियन कंपनीच्या एका मॉडेलचं नाव. आपल्याकडे आकाशात काठीसारखा झोत टाकणारा कुठल्याही कंपनीचा लाइट शार्पीच.)

कोटेशनं दोन होती. एकात गोल्ड, डायमंड, प्लॅटिनम असे तीन भाव. प्लॅटिनम १,६०,००० रुपये, त्यात सगळंच आलं. आठ कोल्ड पायरो ‘फ्री’, मोनोग्रॅम ‘फ्री’, हळदीला ‘थीम लाइट फ्री’. दादाला तेच आवडलं होतं, कारण पुन्हा पुन्हा खिशात हात घालायला नको. मी त्या मालकांना फोन करून विचारलं, “पायरो नको असतील तर किती कमी होतील?” ते म्हणाले, “ताई, पॅकेजमधलं काही कमी होत नाही.” म्हणजे पैसे त्या वस्तूचे धरलेलेच आहेत, फक्त किती धरलेत ते आपल्याला दिसू द्यायचं नाही. ज्या वस्तूची किंमत दिसत नाही ती हवी की नको हे घरातलं माणूस ठरवणार कसं?

दुसरं कोटेशन या आमच्या लाइटवाल्यांचं. साधं, हाताने रेघा मारल्यासारखं, पण प्रत्येक आयटमपुढे तीन रकाने. दर किती, त्यात काय काय येतं, आणि कुठे घेऊ नये. हा तिसरा रकाना मी आजवर कुठल्याच कोटेशनात पाहिला नव्हता. ‘ड्राय आइस: बंद हॉलमध्येच, लॉनवर घेऊ नये.’ ‘मोनोग्रॅम: फिकट भिंत किंवा पडदा असेल तरच.’ ‘कोल्ड पायरो: मांडवाच्या कापडापासून लांब, छत उंच पाहिजे.’ धंदेवाल्या माणसाने आपल्याच मालासमोर ‘घेऊ नये’ असं लिहून द्यायला हिंमत लागते. मी त्यांना निवडलं ते या रकान्यामुळे, आणि त्यांचे दर कुठे रास्त होते आणि कुठे नव्हते हे म्हणूनच नीट सांगावंसं वाटतं.

सगळ्यात चांगले पैसे वसूल झाले ते साध्या ५४ पारमध्ये. ५४ पार म्हणजे चोपन्न छोटे एलईडी असलेला गोल दिवा. जमिनीवर ठेवायचा, तोंड वर करायचं, की भिंत किंवा झाड उजळून निघतं. दर एका संध्याकाळीला एका नगाचे ३५० रुपये, त्यात केबल, जोडणी आणि रंग बदलणारा ऑपरेटर आला. आम्ही रिसेप्शनच्या लॉनसाठी २४ घेतले, ८,४०० रुपये. आता कुणी म्हणेल की हा दिवा बाजारात दीड-दोन हजारांना मिळतो, पाच-सहा संध्याकाळींत त्याची किंमत निघते, मग ३५० कशाला? हा हिशोब मी लाइट भाड्याने आणताना अनेकांच्या तोंडून ऐकलाय आणि तो अर्धाच आहे. दिवा पावसात भिजतो, टेम्पोत आपटतो, दोन हंगामांत त्यातले एलईडी कमी-जास्त मंदावतात आणि मग पांढरा म्हणून लावलेला रंग पांढरा राहत नाही. गोडाऊनचं भाडं बारा महिने चालू असतं आणि लग्नं बारा महिने नसतात. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत चार महिने मुहूर्तच नाहीत. मध्ये गणपती आणि नवरात्र हात देतात, तेवढंच. आणि मुहूर्त असतात तेव्हा सगळ्यांचे एकाच तारखेला असतात, म्हणून एक दिवा एका दिवशी एकाच लग्नात जातो. हे सगळं धरलं तर ३५० हा दर मला प्रामाणिक वाटला.

पण इथे एक बदल त्यांनी करायला हवा. आठ पार घेतले तरी ३५० आणि चोवीस घेतले तरी ३५०, हे बरोबर नाही. पहिले आठ दिवे आणताना टेम्पो, माणूस, लाइटचा बोर्ड हे सगळं येतंच. पुढच्या सोळांना फक्त केबल आणि थोडी मेहनत जास्त लागते. पंधराच्या वर तीनशे, असा दर लावला तर पार्टी आपण होऊन चार दिवे वाढवेल आणि लॉनही जास्त सुंदर दिसेल. मी हे मालकांना बोलले. ते म्हणाले, “ताई, दर कमी केला की लोकं पहिल्या आठालाच तीनशे मागत्यात.” खरं आहे, मागतात. पण कागदावर छापून दिलं तर मागणं कमी होतं.

त्या २४ दिव्यांचं काय केलं तेही सांगते, कारण पैसे वसूल होण्याचं कारण तेच. त्यांच्या पोरांनी सगळे पार स्टेजमागच्या पडद्याला लावायला घेतले होते, सगळीकडे असंच करतात. स्टेजवर फोटोग्राफरचे स्वतःचे लाइट असतातच. मी आठ तिथे ठेवायला सांगितले आणि सोळा लॉनच्या कडेच्या झाडांच्या बुंध्यांशी नेले. रंग एकच, अंबरकडे, म्हणजे मधासारख्या पिवळ्याकडे झुकणारा उबदार. दर दहा सेकंदांनी निळा-जांभळा-हिरवा करायचा नाही, हे ऑपरेटरला आधीच सांगितलं. त्याला ते सुरुवातीला पटलं नाही, कारण पार्टीला ‘लाइट हलताना दिसले पाहिजेत’ असा त्याचा अनुभव. पण नंतर त्यानेच मोबाइलवर त्या झाडांचे फोटो काढून मालकांना पाठवले.

रंगाचा विषय निघालाच आहे तर त्या पॅकेजवाल्यांच्या कोटेशनातल्या ‘हळदीला थीम लाइट’बद्दल सांगायलाच हवं, कारण हा आयटम हल्ली सर्रास विकला जातो. मी नमुन्याचे फोटो मागवले. मांडवात निळे आणि जांभळे पार लावलेले. आता हळद पिवळी, अष्टपुत्री पिवळी, झेंडूच्या माळा पिवळ्या-केशरी. पिवळा रंग दिसतो तो लाल आणि हिरवा प्रकाश परत फेकतो म्हणून. निळा तो गिळतो. नुसता निळा प्रकाश टाकला की हळद काळपट दिसते, गालाला चिखल फासल्यासारखी. नाटकात एखाद्याचा चेहरा मेलेला दाखवायचा असेल तेव्हा आम्ही हेच करतो. नवऱ्या मुलीच्या हळदीला पैसे देऊन ते कशाला करायचं? हळद दिवसा होती, अंगणात होती, उन्हाइतका चांगला लाइट कुठला भाड्याने मिळणार होता? हा आयटम फुकट दिला तरी घेऊ नका. संध्याकाळची हळद असेल तर साधा पिवळसर पांढरा प्रकाश भरपूर मागा.

ड्राय आइस आम्ही संगीताला घेतला, ते बंद हॉलमध्ये होतं. दर ९,००० रुपये, एका एन्ट्रीचे. त्यात १५ किलो बर्फ, दोन मशिन आणि दोन पोरं. नऊ हजार ऐकून वहिनी दचकल्या, “चार मिनिटांचे नऊ हजार?” मी त्यांना त्यातलं काय कुठे जातं ते सांगितलं. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. तो वितळत नाही, सरळ वायू होतो. थर्मोकोलच्या पेटीत बंद करून ठेवला तरी त्याचं वजन तासातासाला घटतच असतं. त्यामुळे तो आदल्या आठवड्यात आणून ठेवता येत नाही, ऐनवेळी बाहेरगावाहून मागवावा लागतो आणि उरलेला परत करता येत नाही. चार मिनिटं वापरा की दोन, बर्फ गेलाच. म्हणजे इथे पारसारखं वस्तूचं भाडं नाही, खर्ची पडणाऱ्या मालाची किंमत आहे. अशा आयटमात घासाघीस केली की बर्फ १५ किलोचा १० किलो होतो, दुसरं काही होत नाही. मग धूर घोट्यापर्यंत यायच्या आधीच संपतो आणि आपण म्हणतो, काही मजा नाही आली.

मशिनचा हिटर साडेतीन किलोवॅटचा. पाणी कडकडीत तापवायचं आणि त्यात बर्फ सोडायचा. २३० व्होल्टला हा लोड १५ अँपिअरच्या वर जातो, म्हणजे प्रत्येक मशिनला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट पाहिजे. हॉलच्या मॅनेजरनी स्टेजजवळ एकच दाखवला. अशा वेळी एक्स्टेंशन बोर्ड लावून दोन्ही मशिन त्यावर चालवली जातात, मग ऐन नाचात एमसीबी पडते आणि साउंडही बंद होतो. या मालकांनी ते केलं नाही. दुसरं मशिन मागच्या खोलीतल्या एसीच्या पॉइंटवरून स्वतःच्या जाड केबलने चालवलं आणि केबल चालायच्या वाटेतून नको म्हणून भिंतीच्या कडेने टेपने पक्की केली. या कामाचा वेगळा पैसा लावला नाही. नऊ हजारांत मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे.

धूर खरंच चांगला झाला. साधं फॉग मशिन एक द्रव तापवून धूर सोडतं. तो वर चढतो, नाकात जातो, फोटोत सगळं पांढरं करतो. ड्राय आइसचा धूर थंड असतो, कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड असतो, म्हणून तो जमिनीलगत पसरतो आणि घोट्याच्या वर फारसा येत नाही. पुतणी आणि जावई नाचत होते आणि खाली पायच दिसत नव्हते. बारकी पोरं धुरात बसायला धावली, त्यांना मात्र ताबडतोब बाजूला केलं पाहिजे. हा वायू खाली साठतो आणि लहान मुलाचं नाक खालीच असतं. त्यांच्या पोरांपैकी एकजण फक्त मुलं आवरायला उभा होता आणि नाच संपल्यावर हॉलची दारं त्यांनीच उघडली. ड्राय आइस घेताना दरात हा माणूस धरलाय का ते नक्की विचारा.

हीच एन्ट्री रिसेप्शनलाही पाहिजे होती, दादाने आणखी नऊ हजार द्यायची तयारी दाखवली होती. मालकांनी स्वतः नको म्हटलं. “दादा, उघड्यावर वारं सुटलं की धूर थांबत न्हाई. पैसं मी घेईन, पण पोरगी धुराबिगरच चालंल.” आलेला नऊ हजारांचा धंदा त्यांनी परत पाठवला. या एका वाक्यावर मी त्यांना पाचपैकी पाच देते.

कोल्ड पायरोचा दर नगाला ९०० रुपये. जमिनीवर ठेवलेल्या नळीतून दहा-बारा फुटांचं चांदीसारखं कारंजं उडतं, तेच ते. नावात कोल्ड असलं तरी ते थंड नसतं. फटाक्याच्या ठिणगीपेक्षा कमी तापतं इतकंच, आणि नळीचं तोंड तर नंतर बराच वेळ भाजतं. पॅकेजवाल्यांचे आठ असतात ते दोन्ही बाजूंना चार-चार, नवरा-नवरीच्या अगदी पायाशी. पैठणीचा पदर, शेला, कृत्रिम फुलांच्या कमानी हे सगळं पेट घेणारं. आम्ही चारच घेतले, वाटेच्या शेवटी, दहा फुटांवर, आजूबाजूला कापड नाही अशा जागी. मालकांच्या पोराने अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवला होता आणि नळ्या उचलून ठेवायला वाळूची बादली. चारातला एक उडालाच नाही. अशा वेळी बाकीचे म्हणतात, ‘एखादा जातोच.’ यांनी बिलात आपण होऊन नऊशे कमी केले. मला वाटतं खर्ची पडणाऱ्या आयटमांचा हाच नियम असावा आणि तो कोटेशनवर छापलेला असावा: चाललं तर पैसे, नाही चाललं तर नाही.

आठाऐवजी चार घेतल्याने काही कमी वाटलं का? अजिबात नाही. तीन उडाले तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

मोनोग्रॅम नाकारला. दर ४,५००. दोघांच्या नावांची आद्याक्षरं भिंतीवर प्रकाशाने उमटवायची. यात लाइट पुन्हा पुन्हा वापरता येतो, पण अक्षरं कोरलेली धातूची चकती, तिला गोबो म्हणतात, ती त्या एका लग्नाची. दुसऱ्या दिवशी तिचा उपयोग शून्य. म्हणून दर मला जास्त वाटला नाही. शिवाय देवनागरी अक्षरं कापणं किचकट. व, ब, क यांच्या पोटातला बंद भाग पत्र्यातून गळून पडतो, त्याला बारीक पट्टीने बांधून ठेवावं लागतं, आणि ती पट्टी नीट बसवली नाही तर अक्षर तुटकं दिसतं. मी नाटकासाठी असे गोबो करून घेतलेत, त्यातली मेहनत मला ठाऊक आहे. पण लॉनवर भिंत नव्हती. जमिनीवर पाडू म्हटलं तर तीनशे माणसं त्यावर उभी राहणार. दर रास्त असूनही वस्तू आपल्या जागेची नसेल तर ते पैसे वायाच. हॉलला फिकट भिंत असती तर मी आनंदाने घेतला असता आणि पूर्ण संध्याकाळ चालू ठेवला असता.

एलईडी डान्स फ्लोअरचंही तसंच. सोळा बाय सोळा फूट, २५,००० रुपये. दोन बाय दोनच्या ६४ फरश्या आणायच्या, जमीन सपाट करायची, जोडायच्या, रात्री परत काढायच्या. चार-पाच माणसांची अंगमेहनत आणि वेगळी गाडी, हे पैसे त्यात आहेत. मात्र फ्लोअर भरला की पायांखालचा लाइट नाचणाऱ्यांनाच दिसत नाही, दिसतो तो वरून ड्रोनला. ज्यांच्याकडे ड्रोन आहे आणि जोडप्याचा एकट्याचा नाच लांब आहे त्यांनी विचार करावा. लेझर त्यांनी यादीतच ठेवला नव्हता. विचारलं तर म्हणाले, लोकांच्या डोळ्यांवर जातो, नकोच. कॅमेऱ्याचा सेन्सरही त्याने जळतो, फोटोग्राफरना विचारा.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने. पॅकेजवाल्यांच्या कोटेशनात ‘रात्री १० नंतर प्रतितास ५,०००’ अशी ओळ होती. उघड्या लॉनवर दहानंतर स्पीकर लावणं हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत बसत नाही. सरकार वर्षातले मोजके दिवस सूट देतं, ते सणाउत्सवांसाठी, आपल्या रिसेप्शनसाठी नव्हे. जे करायला परवानगीच नाही त्याचा दर छापणं म्हणजे पोलीस आले तर पार्टी बघून घेईल असं सांगणं. आमच्या मालकांच्या कागदावर ‘१० ला साउंड बंद, लाइट ११ पर्यंत’ एवढंच होतं. आणि तसंच झालं. शेवटचा तास झाडांवरचे दिवे, पंगतीच्या गप्पा आणि आजोबांनी म्हटलेलं एक नाट्यपद, माइकशिवाय.

आता तक्रार. डीजेच्या टेबलाभोवती पांढऱ्या फ्रेमची सजावट, फुलांच्या पट्ट्यांसह, दोन्ही संध्याकाळींना मिळून ६,००० रुपये. हा आयटम आम्ही घेतला, कारण डीजेचं टेबल म्हणजे काळ्या पेट्या, लोंबणाऱ्या वायरी आणि पाण्याच्या बाटल्या, आणि ते स्टेजच्या शेजारी प्रत्येक फोटोत येतं. सजावट नीटनेटकी होती. पण शेवटच्या बिलात दोन नव्या ओळी आल्या: ‘ऑपरेटर २,०००’ आणि ‘जादा वाहन ३,०००’. कोटेशनात दोन्ही नव्हत्या.

ऑपरेटरची ओळ मी तिथल्या तिथे दाखवली. पारच्या दरापुढे दुसऱ्या रकान्यात त्यांनीच ‘ऑपरेटरसह’ लिहिलं होतं. त्यांनी ती काढली, वाद घातला नाही. वाहनाची गोष्ट वेगळी. त्या पांढऱ्या फ्रेमा दुमडत नाहीत, पहिल्या टेम्पोत बसल्या नाहीत, म्हणून दुसरा छोटा हत्ती करावा लागला. खर्च खरा होता, त्यांनी डिझेल आणि ड्रायव्हर दोन्हीचे पैसे मोजले होते. मी ते नाकारत नाही. माझं म्हणणं असं, की फ्रेमा दुमडत नाहीत हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग तो टेम्पो त्या सहा हजारांतच पाहिजे होता. सजावटीचा खरा दर नऊ हजार होता. आम्हाला नऊ सांगितला असता तर आम्ही ती सजावट घेतलीच नसती, घरचा पांढरा पडदा लावला असता आणि आणखी आठ पार घेतले असते. दर चुकीचा सांगितला की गिऱ्हाइकाची निवड चुकते, आणि निवड चुकवणं हे मला पैसे जास्त घेण्यापेक्षा वाईट वाटतं. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, “बरोबर हाय ताई, निम्मं तुमचं, निम्मं माझं.” आम्ही १,५०० दिले.

जीएसटीचंही तेच. ‘१८ टक्के वेगळा’ हे पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत. कंपनीचा कार्यक्रम असेल तर तो कर पुढे वळता करता येतो, घरच्या लग्नात कुठेही वळता होत नाही, तो आपल्या खिशातूनच जातो. घरगुती पार्टीला दर सांगताना करासकट सांगावा. ३५० चा पार आपल्याला ४१३ ला पडतो आणि नऊ हजारांची एन्ट्री १०,६२० ला. हे आधी दिसलं तर माणूस जपून हो म्हणतो.

शेवटचा हिशोब असा झाला. मूळ पॅकेज ६५,०००. जादा आयटमांचे २७,०००, त्यातून न उडालेल्या पायरोचे ९०० वजा, टेम्पोचे १,५०० अधिक, म्हणजे २७,६००. त्यावर कर धरून एकूण १,०९,२६८. प्लॅटिनमपेक्षा पन्नास हजारांनी कमी, आणि जे हवं होतं त्यातलं काही सुटलं नाही. पोरांची जेवणं आमच्याकडे होती, कोटेशनात ‘पाच ताटं पार्टीकडून’ असं स्पष्ट लिहिलं होतं. हीही चांगली पद्धत. ताटांची सोय आधी लिहिलेली असली की रात्री अकराला केबल गुंडाळणारी पोरं उपाशी राहत नाहीत. केटररला आधीच सांगून ठेवा आणि त्यांना बसून जेवू द्या.

लग्न ठरवत असाल तर लाइटवाल्याला प्रत्येक जादा आयटमाबद्दल एवढं विचारा: ही वस्तू तुमच्या गाडीत तशीही येणार आहे, की खर्ची पडणार आहे, की तिच्यासाठी वेगळी माणसं आणि वेगळी गाडी येणार आहे? पहिल्या प्रकारात नग वाढवून दर कमी करून मागा. दुसऱ्यात दर पाडू नका, नग कमी करा. तिसऱ्यात गाडी, माणसं आणि कर धरूनच आकडा लिहून घ्या.

आतेभावाच्या मुलाचं रिसेप्शन उन्हाळ्यात मिरजेत आहे, बंद हॉलमध्ये, आणि स्टेजसमोरची भिंत पांढरी आहे. मी याच मालकांकडून कोटेशन मागवलं. १८ पार, मोनोग्रॅम, ड्राय आइस. यावेळी दर करासकट आलेत, पंधराच्या पुढचे तीन पार ३०० ने लावलेत, आणि डीजेच्या सजावटीपुढे दुसऱ्या रकान्यात ‘वाहनासह’ असं लिहिलंय, दर ८,५००. ती आम्ही घेत नाही आहोत.